पाणी घातलेलं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. जुना म्हटलं की लोकांना वाटतं, हा आता निवांत झाला असेल. मित्रांनो, निवांतपणा माझ्या वाट्याला कधीच आला नाही. पंखा लावला तरी माझ्या तबकडीवरचा काटा थरथरतो, कुणी दार आपटलं तरी तो हलतो. बारामतीतल्या एका डायलिसिस केंद्राच्या दाराशी, भिंतीला लागून मी उभा असतो आणि दिवसभर माझी चुळबुळ चाललेली असते. तो माझा स्वभावच आहे, त्याला कोण काय करणार?

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, पायाशी रुंद पत्रा आणि मानेवर ताटाएवढी तबकडी. मला निळा रंग दिला, वजनमापं खात्याच्या साहेबांनी माझ्यावर शिक्का मारला आणि मी ट्रकमधून वडगाव निंबाळकरच्या एका दूध डेअरीत येऊन पडलो. तिथे सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे किटल्यांची रांग लागायची. डेअरीचे सेक्रेटरी रावजी कानाला पेन्सिल खोचून माझ्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि कुणी कुरकूर केलीच तर म्हणायचे, "काटा बोलला म्हंजी बोलला! फुडं चला." हे ऐकलं की मला कोण आनंद व्हायचा!

त्या रांगेतला एक गडी मला फार आवडायचा. त्याचं नाव दत्तोबा. बाकीचे लोक किटली सायकलवरून उतरवताना कण्हायचे, कुंथायचे. दत्तोबा दोन हातांत दोन भरलेल्या किटल्या घेऊन पायऱ्या चढायचा आणि चढता चढता कुणाची तरी थट्टाही करायचा. किटली तो माझ्यावर आपटत नसे, अलगद ठेवत असे. लोखंडाच्या अंगालाही असा फरक कळतो, मित्रांनो.

पण त्याच डेअरीत माझा पहिला अपमान झाला. एका सकाळी वस्तीवरच्या एका माणसाने किटली आणली. मी नेहमीचं वजन दाखवलं आणि ऐटीत थांबलो. रावजींना मात्र काय शंका आली कोण जाणे, त्यांनी एक काचेची नळी दुधात सोडली. तिला लॅक्टोमीटर म्हणतात. दूध चांगलं असेल तर ती नळी वर तरंगते, पाणी घातलं असेल तर खोल जाते. ती चांगली खोल गेली. रावजींनी किटली परत त्या माणसाच्या हातात दिली. "वजन बराबर हाय. दूध बराबर न्हाय." सगळी रांग हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं दत्तोबाच हसला.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? मला वजन विचारलं, मी वजन सांगितलं. पाणी किती आणि दूध किती, हे मला कुणी विचारलं होतं का? त्या दीडवीत नळीचा राग मी पुढे कितीतरी वर्षं मनात धरून होतो.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. लाल आकडे, पटकन हिशेब. मला गोदामात ढकललं. अंगावर पेंडीची पोती रचली, तबकडीवर जाळी धरली. उंदीर माझ्या पत्र्यावरून पळायचे आणि त्यांच्या वजनालाही माझा काटा किंचित उचलायचा. कुणी बघायला नव्हतं, तरी मी आपला सांगत राहायचो. रोज सकाळी बाहेर किटल्या वाजायच्या. तो आवाज ऐकून काही न करता उभं राहणं फार जड जायचं.

तिथून मला बाहेर काढलं ते रावजींनीच. ते म्हातारे झाले होते आणि बारामतीत नव्याने निघालेल्या डायलिसिस केंद्राच्या मंडळावर होते. तिथला छोटा चकचकीत काटा पेशंटच्या पायांखाली डुगडुगायचा, त्यांना भीती वाटायची. रावजी म्हणाले, "आमच्याकडं एक रुंद काटा पडून हाय. त्याला लाइटबी लागत न्हाय." मला घासलं, तेलपाणी केलं, पुन्हा शिक्का मारला. भिंतीला आधाराचा एक गज बसवला आणि त्याच्याजवळ मला उभं केलं.

मित्रांनो, मूत्रपिंडं थकली की अंगातलं पाणी आणि घाण बाहेर पडत नाही. मग यंत्र ते काम करतं, त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून तीन वेळा माणसं येतात, तासन्‌तास यंत्राला जोडून पडून राहतात. आधी माझ्यावर उभी राहतात, नंतरही राहतात. यंत्राने किती पाणी काढायचं, ते माझ्या आकड्यावरून ठरतं. सगळं जादा पाणी निघून गेल्यावर जे वजन राहायला हवं, त्याला इथे ड्राय वेट म्हणतात. डॉक्टर ते ठरवून देतात. इथे माझा दरारा डेअरीपेक्षाही मोठा! उन्हाळ्यात चोरून उसाचा रस प्यालेला माणूस माझ्यावर चढताना श्वास रोखून धरतो, खिशातला मोबाइल काढून ठेवतो, चप्पल काढतो, एकाने तर कवळीसुद्धा काढून ठेवली होती. काही उपयोग होत नाही. रस तो रसच.

एके दिवशी एक म्हातारा आपल्या मुलाच्या खांद्यावर भार टाकून दारातून आत आला. डाव्या हाताला मनगटाशी फुगीर शीर, म्हणजे सुया टोचण्यासाठी केलेला फिस्टुला. डोक्यावर टोपी, पायांवर सूज. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला.

"आरं रवी, ह्यो तर आपल्या डेअरीतला काटा हाय!"

तो दत्तोबा होता. मी त्याला ओळखलंच नसतं. ज्या पत्र्यावर तो भरल्या किटल्या अलगद ठेवायचा, त्यावर आता स्वतःला चढवायला त्याला गज, मुलगा आणि इथला टेक्निशियन लखन असे तिघे लागले.

त्यानंतर महिनोन्‌महिने दत्तोबा येत राहिले. डायलिसिस झाल्यावर लखन मोठ्याने आकडा वाचायचा, "अठ्ठावन्न!" डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वजनही तेच. त्यांचा मुलगा रविराज लगेच घरी फोन लावायचा. "आये, आबांचं वजन टिकून हाय बघ. अठ्ठावन्न. काय काळजी करू नगं." पलीकडून आईचा सुस्कारा ऐकू यायचा. त्या घरात म्हणे माझा आकडा ऐकल्याशिवाय संध्याकाळची चूल पेटत नसे.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आकडा तोच होता, पाऊल ते नव्हतं. आधी दत्तोबा उजवं पाऊल ठेवून मग डावं उचलायचे. पुढे डावं ओढत आणू लागले. गजावरची पकड सैल झाली. माझ्यावर उभे राहिले की त्यांच्या पोटऱ्यांची थरथर माझ्या लोखंडात उतरायची आणि माझा काटा अठ्ठावन्नाच्या दोन्ही बाजूंना हलत राहायचा. लखनला वाटायचं, काटा जुना झालाय. तो मला चापट मारायचा. मी काय करणार? मला आकड्याशिवाय दुसरी भाषाच येत नाही.

अशातच म्हशीचा विषय निघाला. दत्तोबांच्या गोठ्यात पाखरी नावाची म्हैस होती. ती दत्तोबांच्याच हाताला पान्हा सोडायची. दुसरं कुणी धारेला बसलं की लाथ ठरलेली. आजारपण सुरू झालं तेव्हा ती आटली होती आणि आता पुन्हा गाभण होती. दिवाळीच्या आगेमागे व्यायची होती. धारेला उकिडवं बसावं लागतं, दुधाची चरवी गुडघ्यांत धरावी लागते आणि मुख्य म्हणजे भरली चरवी घेऊन उठावं लागतं. दत्तोबांना तर घरात खाटेवरून उठायलाही हात द्यावा लागत होता.

"आबा, पाखरी व्याली की हेडी येणार हाय. म्या सांगून ठेवलंय." रविराज माझ्यासमोरच म्हणाला. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. "तुमास्नी बसता येत न्हाय, मला ती जवळ येऊ देत न्हाय. किती दिस सांभाळायची?"

दत्तोबा माझ्यावर उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि गज दोन्ही हातांनी धरला. रविराज वाईट मुलगा नव्हता हो. बापाला पाण्याचा पेलासुद्धा तो उचलू द्यायचा नाही, "आबा, तुमी बसा, मी हाय न्हवं," म्हणायचा. सगळं घरच तसं होतं. आजारी माणसाला हलू न देणं म्हणजे माया, असं त्यांना वाटायचं.

आषाढात केंद्रात आसावरी मॅडम आल्या. पेशंटचं खाणंपिणं आणि व्यायाम बघायचं काम त्यांच्याकडे होतं. येताना त्यांनी काय आणावं? एक लाकडी खुर्ची! हात नसलेली, साधी, शाळेत असते तशी. ती त्यांनी नेमकी माझ्या शेजारी ठेवली. तिला ना तबकडी, ना आकडा, ना शिक्का. मला तर हसूच आलं.

दत्तोबांना त्या खुर्चीवर बसवून मॅडम म्हणाल्या, "आबा, दोन्ही हात छातीवर घ्या, आणि हात न टेकता उठून दाखवा."

दत्तोबांनी हात छातीवर घेतले, पुढे वाकले, ओठ दातांखाली दाबले. बूड खुर्चीवरून सुटेना. पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या, पण ते खुर्चीतच राहिले. रविराज धावला तेव्हा मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं.

"मॅडम, पर वजन बराबर हाय की!" रविराज रागानेच म्हणाला. "तुमचाच काटा हाय. बघा की, कवापासनं अठ्ठावन्नच हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा काटा शून्यावर होता, तरी थरथरला.

"काटा खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तो नुसतं वजन सांगतो. ते वजन कशाचं आहे, हे त्याला कळत नाही."

मग त्यांनी एक लहानसं यंत्र आणलं. दत्तोबांना आडवं झोपवून हाताला आणि पायाला वायरी चिकटवल्या. थोड्या वेळाने पडद्यावर रेघा आल्या. अंगात पाणी किती, मांस किती, चरबी किती, ते त्यात दिसत होतं. मॅडम समजावू लागल्या. दत्तोबांच्या अंगातलं मांस हळूहळू झडत गेलं होतं, आणि जेवढं मांस गेलं तेवढं पाणी आत राहत होतं. यंत्र पाणी काढायचं, पण आकडा अठ्ठावन्नावर आला की थांबायचं. म्हणून आकडा हलला नव्हता. सूज होती ती त्याचीच आणि धाप लागायची तीही त्याचीच.

मग दत्तोबाच एकदम हसायला लागले.

"रवी, आरं कळलं का? माझ्यात पाणी घातलंय! किटली तेवढीच, वजन तेवढंच, आन् आत निम्मं पाणी!" ते माझ्याकडे वळले. "रावजींची नळी आठवती का रं तुला?"

आठवत होती. चांगलीच आठवत होती. हसता हसता दत्तोबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी टोपीने तोंड पुसलं. त्या दिवशी त्या काचेच्या नळीवरचा माझा राग गेला. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं, आणि ते रागापेक्षा जास्त टोचत होतं.

पुढच्या पाळीला मॅडमनी कुशाबाईंना, दत्तोबांच्या बायकोला, बोलावून घेतलं. घरी काय जेवतात, विचारलं. भात, फुलक्याचा पापुद्रा, दुधीची पातळ भाजी. डाळ नाही, अंडं नाही.

"पह्यल्या डॉक्टरांनी सांगितलं हुतं की, डाळ, अंडी जपून. म्हून म्या बंदच केलं सगळं. चोरून खाऊ न्हाईत म्हून कोंबड्याबी देऊन टाकल्या."

"ते डायलिसिस सुरू व्हायच्या आधीचं होतं, काकू. तेव्हा ते बरोबर होतं. आता यंत्र घाणीबरोबर अंगातला कसही थोडा धुऊन नेतं. तो भरून काढायला हवा."

कुशाबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी म्या उपाशी ठिवलं का ह्यास्नी? माझ्याच हातानं?"

"तुम्हाला सांगितलं, तेच तुम्ही केलंत. नवं कुणी सांगितलं नाही, ही चूक आमची." मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांना अंड्यातलं पांढरं किती द्यायचं, डाळ किती, पाणी आणि मीठ कसं सांभाळायचं, ते सावकाश सांगत राहिल्या.

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यांत अस्वस्थ दिवस. डॉक्टरांनी ड्राय वेट बेताबेताने खाली आणलं. साठलेलं पाणी निघू लागलं आणि माझा आकडा घसरायला लागला. सत्तावन्न. मग त्याच्याही खाली. रविराज घरी फोन करेनासा झाला. एकदा तो मॅडमना म्हणालाच, "माणूस वाळत चाललाय, आन् तुमी खुर्चीवर बशा-उठा करायला लावताय!" मला वाटायचं, ओरडून सांगावं, बाबा रे, खाली जाणारा आकडा पाण्याचा आहे. पण सांगणार कसं? शत्रूसारखा मी तिथे उभा होतो आणि सगळे माझ्याकडे तसंच बघत होते.

मॅडमनी खुर्चीवर जाड घोंगड्या घातल्या. बैठक उंच झाली की उठणं सोपं जातं. यंत्र लावायच्या आधी दत्तोबा तिथे बसायचे, उठायचे, दम खायचे. जमायला लागलं की एक घोंगडी निघायची. उजव्या हातात रबरी चेंडू दाबायचे, तोंडाने "पाखरे, थांब, पाखरे, थांब" असं पुटपुटायचे. बाकीचे पेशंट हसायचे. कधी पायात गोळे यायचे, एकदा तर मधेच गुडघे गेले आणि लखनने कसंबसं सावरलं. त्या दिवशी दत्तोबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. म्हस इकू द्या." पुढच्या पाळीला मात्र ते आपणहून खुर्चीकडे गेले. घरी कुशाबाईंनी पुन्हा कोंबड्या पाळल्या होत्या. अंड्यातलं पिवळं रवीला, पांढरं ह्यांना, अशी वाटणी त्या करत.

दिवाळी आली आणि गेली. एका सकाळी दत्तोबांची वेळ टळली तरी ते आले नाहीत. डायलिसिसची पाळी चुकणं म्हणजे जिवाशी खेळ. लखन दारात जाऊन रस्ता बघून आला. दारावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला माझा काटा हलत होता.

उशिरा का होईना, तिघं आली. कुशाबाई सगळ्यांत पुढे होत्या आणि दम खायच्या आतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"पाखरी पहाटं व्याली, मॅडम. हेडी उजाडायलाच दारात. रवी धारंला बसला, तर तिनं चरवी दिली उडवून. हेडी हसाया लागला, म्हनला, सोडा दावं, मी नेतो. तवर हे आलं. डावा हात उपरण्यात बांधला, सुयांच्या शिरंला लाथबिथ लागाया नगं म्हून. पाखरीच्या पाठीवर हात फिरीवला आन् बसलं खाली, उकिडवं! एका हातानं धार काढली. लई येळ लागला, पर म्हस हालली न्हाय."

"आणि उठले कसे?" मॅडमनी विचारलं.

"तितंच तर जीव टांगला हुता! रवी धावला उठवाया. म्या त्याचा दंड धरला. म्हनलं, हात लावू नगंस. ह्यांनी चरवी बाजूला ठिवली, गुडघ्यावर हात दिला, थांबलं जरा... आन् उठलं की हो! आपलं आपण उठलं! मागनं वाकून चरवीबी उचलली."

"आन् हेडी?" लखनने विचारलं.

"च्या पिऊन गेला."

रविराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. दत्तोबांनी मात्र उजव्या हातातली लहान किटली पुढे केली. केंद्रातल्या सगळ्यांना खरवस करायला त्यांनी पहिला चीक आणला होता. आणि त्यांनी ती किटली कुणाच्या हातात न देता, वाकून, अलगद माझ्या पत्र्यावर ठेवली.

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यावर किटली आली! माझा काटा उचलला, डुलला आणि थांबला.

"ह्यात पाणी न्हाय बरं का," दत्तोबा मला म्हणाले. मग किटली उतरवून, गजाला हात न लावता, ते स्वतः माझ्यावर चढले. आधी उजवं पाऊल, मग डावं, दोन्ही उचलून. "ह्यात हाय थोडं. तेच काढाया तर आलोय."

सगळे हसले. नंतर चार तासांनी यंत्र सुटलं आणि ते पुन्हा माझ्यावर उभे राहिले. लखनने आकडा वाचला, "छप्पन." कुशाबाई पाखरीसाठी आधीच घरी परतल्या होत्या; त्यांना सांगायला रविराजने जुन्या सवयीने मोबाइल काढला होता, तो त्याने पुन्हा खिशात टाकला. "ते ऱ्हाऊ दे, लखन. आबा कसं चढलं, बघितलंस न्हवं?"

माझा आकडा तसाच राहिला, फोन न केलेला. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलंच. पण त्यांच्या पोटऱ्यांची ती थरथर आता माझ्या लोखंडात उतरत नव्हती आणि काटा छप्पनावर कसा गप्प उभा होता! इतका गप्प मी जन्मात कधी राहिलो नव्हतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं थकलेलं माणूस असेल. त्याला जरूर माझ्यावर उभं करा, माझा आकडा ऐका, मी तो खराच सांगेन. पण तो ऐकून निश्चिंत होऊ नका. ते काय जेवतं, ते बघा. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, ते बघा. आणि ते उठत असेल, सावकाश, थरथरत, तर धावत जाऊन त्याचा दंड धरू नका. शेजारी उभे राहा आणि जरा थांबा.